साबुदाणा लाल दिसत नाही, मामा

अल् खुवैर, मस्कत, गुरुवार, सकाळचे सहा

तीर्थस्वरूप धनंजयमामांच्या चरणी भाचा रमण याचा साष्टांग नमस्कार (मधे भिंत आहे, त्यामुळे तो भिंतीलाच घातला, तुमच्या उशाच्या बाजूने घातलाय, पोहोचला असं समजा).

माझं आयुष्य बदललं ते अकरा फेब्रुवारीला, मंगळवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. तुमच्या उघड्या पोटावर गार जेल पडलं, तुम्ही "मेलो गं आई" म्हणून ओरडलात, आणि मशीनच्या मागून एका मुलीचा आवाज आला, "काका, गार आहे ना? सॉरी हां. आता श्वास रोखा." श्वास तुम्ही रोखायचा होता. रोखला मी. आज मे संपत आला, अजून नीट सोडलेला नाही.

पत्राच्या रीतीप्रमाणे आता प्रकृतीची विचारपूस करायला हवी, पण ती करत नाही. तुमच्या प्रकृतीविषयी सध्या दोन पक्ष आहेत. एका पक्षात डॉक्टर रशीद, त्यांचं मशीन, ते चालवणारी अश्लेषा आणि मी. दुसऱ्या पक्षात तुम्ही आणि साबुदाणा. बाकी इकडील सर्व क्षेम आहे. इकडील म्हणजे हॉलमधल्या सोफ्यावरील.

एकाच घरात राहून पत्र कसलं लिहितोस, असं तुम्ही विचारलं असतंत. पण विचारायला बोलावं लागतं, आणि ते तुम्ही रविवारपासून बंद केलंय. गेले चार दिवस आपला संसार आवाजांवर चाललाय. तुम्ही कप आपटता, मी दूध काढतो. मी चाव्या वाजवतो, तुम्ही चपला घालता. कालपर्यंत मी हे सोसलं. पण काल संध्याकाळी खाली अहमदभाईंच्या दुकानात टूथपेस्ट आणायला गेलो, तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी कुणाचा मुडदा पाडून आलोय. मग म्हणाले, "काय रे, पोरीसाठी म्हाताऱ्या मामाचं पोट फाडायला निघालास?" तुम्ही त्यांना सांगितलेली हकिगत मी सगळी ऐकून घेतली. चांगली आहे. तुमची तीस वर्षं प्लंबिंगमध्ये फुकट गेली, तुम्ही गोष्टी लिहायला हव्या होत्यात. फक्त तिच्यात खरं काय ते राहून गेलंय, तेवढं या पत्रात भरतो. तुम्ही तपासणीच्या खोलीत होतात हे खरं, पण तुम्ही छताकडे बघत होतात. पडद्याकडे मी बघत होतो.

तर मूळ बाब. जानेवारीत तुमच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगवटा आलेला सापडला (मुतखडा शोधायला गेलेल्यांना), आणि डॉक्टरांनी जांघेतून तार घालून आत कापडी नळी बसवली. त्यांनी चित्र काढून समजावलं तेव्हा तुम्ही मधेच थांबवून त्यांनाच समजावलंत की आम्ही याला स्लीव्ह टाकणं म्हणतो, जुना पाइप न फोडता आतून नवा पाइप. मग त्यांनी कुठल्या कंपनीची नळी वापरली ते विचारलंत, आणि ऐकून "हं" म्हणालात. भूल देणारी बाई हसत होती. मामीला मात्र तुम्ही गावी फोन करून सांगितलंत की हर्निया आहे. ती बिचारी अजून देवाला हर्नियाचाच नारळ ठेवते.

स्लीव्हच्या बाहेर, जुन्या फुगवट्यात जे रक्त अडकून राहतं, ते गोठून घट्ट झालं पाहिजे. घट्ट झालं म्हणजे तिथे नवं रक्त येत नाही, काम फत्ते. ते मऊ राहिलं तर कुठून तरी गळतंय अशी शंका घ्यायची. हे बघायला डॉक्टर रशीद एक अभ्यास करताहेत. नेहमीच्या सोनोग्राफीबरोबर मशीन पोटावर हलकेच दाब देतं, आणि आत कुठला भाग किती दबला त्याप्रमाणे पडद्यावर रंग भरतं. त्यांच्या मशीनवर घट्ट ते निळं, मऊ ते लाल. म्हणजे आपण पेटीतला हापूस बोटाने दाबून बघतो तेच, फक्त इथे पिकलेला निघाला तर वाईट. प्रत्येक वेळी सीटीचं यंत्र आणि शिरेतलं औषध न देता असं नुसतं दाबून कितपत कळतं, ते त्यांना ताडून बघायचंय. तुम्ही कागदावर सही केलीत ती या अभ्यासासाठी. एका महिन्याने, चार महिन्यांनी, आठ महिन्यांनी, वर्षाने. पहिली तपासणी अकरा फेब्रुवारीची. तुमचा फुगवटा निळाशार निघाला, आणि माझ्याकडे जे काही घट्ट होतं ते सगळं त्याच खोलीत मऊ पडलं.

अश्लेषा मस्कतमध्येच जन्मली, वाढली. ती मराठी बोलते तेव्हा दर तिसऱ्या शब्दाला पायरी चुकल्यासारखी थांबते. अशी थांबली की आपण हात पुढे करावा असं वाटतं. (हे वाक्य वाचून तुम्ही काय तोंड केलंत ते मला भिंतीतून दिसलं.) तिला पुन्हा भेटायचं कसं, तर बाहेर फळ्यावर कागद लावला होता की तुलना करायला निरोगी माणसंही हवीत. मी तडक नाव दिलं. तिने माझ्या पोटावर जेल लावलं, "श्वास रोखा" म्हणाली आणि कुणीतरी दारातून हाक मारली म्हणून तिकडे वळली. मी रोखून धरला. ती बोलत राहिली. मी रोखून धरला. छतावर आधी काजवे दिसले, मग छत दिसेना. ती वळली आणि किंचाळली, "अरे, सोडा ना!" मग चित्र बघून म्हणाली की तुमची महाधमनी खूप छान आहे, एकदम लवचीक. मामा, आजवर माझ्या कुठल्याही गोष्टीला कुणी छान म्हटलेलं नाही. रत्नागिरीत तिसऱ्या वर्षाला हजेरीपट फाडून मी कॉलेज सोडलं तेव्हा विभागप्रमुख म्हणाले होते की तुझ्यासारखी ताठ जात मी पाहिली नाही. त्यांनी फक्त वरून पाहिलं होतं. आतून मी एकदम लवचीक आहे, हॉस्पिटलच्या कागदावर आहे.

पण निरोगी माणूस एकदाच लागतो. दुसऱ्यांदा गेलो तर काउंटरवरची बाई म्हणाली, तुमचं झालं, खलास. आजारी माणूस वर्षातून चारदा लागतो. हा काय न्याय आहे? मग माझ्याकडे तुमच्या पोटाशिवाय दुसरा मार्ग उरला नाही.

आता जे लिहितो ते अहमदभाईंच्या हकिगतीत तुम्ही बरोबर सांगितलंय, म्हणून ते मीही कबूल करतो. मार्चमधली तपासणी नव्हतीच. एप्रिलमधलीही नव्हती. ऑपरेशननंतर गाडी मी चालवत होतो, हॉस्पिटलचे फोन मी घेत होतो, त्यामुळे "उद्या तपासणी, उपाशी पोटी" हे तुम्हाला सांगणं इतकं सोपं होतं की त्यात मला काही कर्तबगारीही वाटत नाही. तुम्हाला हॉस्पिटलच्या खालच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवायचं, आणि मी वरच्या मजल्यावर जाऊन कॉरिडॉरमध्ये घिरट्या घालायच्या. अश्लेषा दिसली की, काही नाही, सहज, औषधाची चिठ्ठी घ्यायला आलोय. पाच मिनिटं बोलणं. मग खाली येऊन तुम्हाला सांगायचं, डॉक्टर म्हणाले आज मशीन नाही, पण तुम्ही ठीक आहात. मार्चमध्ये रमजान होता. हॉलमधल्या एका आजोबांनी तुम्हाला विचारलं, काही खाल्लं का, तुम्ही नाही म्हणालात, तर त्यांनी उठून तुम्हाला पंख्याखालची स्वतःची जागा दिली. तो माणूस देवासाठी उपाशी होता, आणि तुम्ही माझ्यासाठी. हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

त्या दोन फुकट उपाशी सकाळींचा राग तुम्ही मनात ठेवलात. चार महिन्यांची तपासणी आली, गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी. ती खरी होती, पण तुमच्या लेखी सगळ्या सारख्याच. तुम्ही ठरवलंत की नाहीतरी उपाशी राहायचंच आहे तर वाया कशाला घालवा, गणपतीचा मंगळवार धरून टाकू. आणि मंगळवार धरला म्हटल्यावर ओघानेच साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, दोन केळी आणि वर कपभर दूध. मी म्हणालो, मामा, पोट रिकामं हवं. तुम्ही म्हणालात, "गाढवा, याने उपास मोडत नाही, मग रिकामं पोट कसं मोडेल?" (या वाक्याला उत्तर शोधत मी संपूर्ण हायवे पार केला. अजून सापडलेलं नाही.) हॉस्पिटलात अश्लेषाने विचारलं, काका, काही खाल्लं नाही ना? तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, "कडक उपास आहे." डॉक्टर रशीदना इतका आदर वाटला की त्यांनी तुमचा हात हातात घेतला. मग प्रोब टेकवला, तर पडद्यावर नुसता वायू. अश्लेषाने डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, कुशीवर वळवलं. धुक्यात गाडी चालवल्यासारखं. मधेच कुठेतरी एक लाल ठिपका दिसल्यासारखा वाटला. तिने विचारलं, काका, नक्की काही नाही ना? तेव्हा तुम्ही खिचडी जाहीर केलीत. रविवारी परत या, असं ठरलं.

रविवारी तुम्ही खरोखर काही न खाता आलात (मी उजाडल्यापासून फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसलो होतो). अश्लेषाने प्रोब ठेवला आणि तुम्ही बोललात, "पोरी, आटप बघू लवकर. उपाशी पोटाची ही पाचवी खेप."

"पाचवी? काका, फाईलमध्ये तर ही... तिसरी आहे."

"तिसरी कशी? मार्चमध्ये आलो की. रमजानात."

"मार्चमध्ये? नाही. मार्चमध्ये तर हे एकटे आले होते. चिठ्ठी घ्यायला."

छताकडे बघत पडलेला माणूस मान न वळवता दुसऱ्या माणसाकडे इतकं बघू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. अश्लेषानेही बघितलं. मग ती तुम्हाला म्हणाली, श्वास रोखा. तुम्ही रोखलात. आणि मामा, तुम्ही तेव्हा मला मनातल्या मनात ज्या काही शिव्या घालत होतात, त्याच वेळी पडद्यावर निळ्यात लाल उमटलं. वायू नव्हता, धुकं नव्हतं. मंगळवारी जिथे ठिपक्यासारखं वाटलं होतं तिथेच, खाली डावीकडे, करंगळीच्या नखाएवढं. तिने पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच. एरवी ती काम करताना थांबत-थांबत काहीतरी बोलत असते. त्या दिवशी तिने बोलणं बंद केलं. मी पडद्याला घाबरलो नाही, तिच्या गप्प बसण्याला घाबरलो.

डॉक्टर रशीद आले. त्यांनी सगळं सावकाश सांगितलं, मी ते तुम्हाला मराठीत सांगितलं, आणि तुमचं लक्ष माझ्या मानेवर होतं म्हणून परत लिहितो. हे रंगाचं तंत्र अजून अभ्यासात आहे, नुसत्या लाल रंगावर ते कुणाला गळती आहे म्हणत नाहीत. पण फुगवटाही फेब्रुवारीपेक्षा चार मिलिमीटर वाढलाय. म्हणून सीटी करून बघायचं, गुरुवारी सकाळी साडेनऊला. गळती असलीच तर बहुतेक वेळा पुन्हा आतूनच तार घालून बंद करता येते, इन्शाल्ला. पण आधी बघायला हवं, आणि पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही.

यावर तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "डॉक्टर, धिस इज साबुदाणा."

त्यांनी अश्लेषाकडे बघितलं. तिने दोन बोटांत आकार दाखवून सांगितलं, छोटे पांढरे गोळे. त्यांनी विचारलं, आज खाल्ला? तुम्ही म्हणालात, मंगळवारचा आहे, तो जड असतो. आणि चार मिलिमीटरचं काय, तर एवढी वॉशरची जाडी असते, तेवढं इकडेतिकडे चालायचंच. मामा, मी तुमच्याकडून काम शिकलो. पाण्याची लाइन वेगळी आणि सांडपाण्याची लाइन वेगळी, एकातलं दुसरीत येत नाही, आलं तर बिल्डिंग सोडायची, हे तुम्ही तीस वर्षं या गावातल्या प्रत्येक हेल्परला शिकवलंत. मग खिचडी महाधमनीत कुठल्या जोडणीतून शिरली, तेवढा नकाशा मला काढून दाखवा. दाखवलात तर मी जन्मभर हजेरी लावीन.

तुम्ही आत शर्ट घालत होतात तेव्हा बाहेर कॉरिडॉरमध्ये काय झालं तेही सांगून टाकतो, कारण ते अहमदभाईंना ठाऊक नाही, आणि त्यांना आवडेल. अश्लेषा म्हणाली, "तुम्ही त्यांना... दोनदा उपाशी बसवलं? माझ्यासाठी?" मी म्हणालो, हो. (मला वाटलं, यात प्रेमाची खोली दिसेल.) ती म्हणाली, "शी. किती चीप." एकदाही न थांबता म्हणाली. मग जाता-जाता वळली, "माझ्याशी बोलू नका. पण गुरुवारी त्यांना आणा." हा माझ्या प्रेमकथेचा समग्र वृत्तांत. ज्या मुलीसाठी मी तुमचं पोट विकायला काढलं असं तुम्ही बिल्डिंगभर सांगता, ती माझ्या सावलीलाही उभी राहत नाही. तुमचा सूड घेऊन झालाय, तुम्हाला कुणी कळवलं नव्हतं एवढंच.

पुढचं पार्किंगमध्ये झालं. तुम्ही म्हणालात, "तुझं लग्न जुळावं म्हणून मी माझं पोट भाड्याने देणार नाही. जूनअखेर नोकरी संपते, मी गावी चाललो, खलास." आणि मी काय म्हणालो ते दोघांनाही पाठ आहे.

तेव्हा आता माझा निर्णय ऐका. तुम्हाला माझं तोंड बघायचं नाही, मलाही सोफ्यावर झोपून पाठीचे हाल करून घ्यायचे नाहीत. निझवाच्या साइटवर कंपनीची खोली रिकामी आहे, सुपरवायझरशी बोलणं झालंय, बॅग भरलेली आहे. मी हे घर सोडून चाललोय. तुम्ही तुमच्या साबुदाण्यासह सुखाने राहा. मागे वळून बघणार नाही.

आपला (नाइलाजाने) भाचा,
रमण

ता. क. निझवाला आज जात नाहीये. तिकडचा ट्रक शनिवारी आहे.

ता. क. दुसरा. बॅगेत तुमचेच कपडे आहेत. डॉक्टर म्हणाले होते की गळती सापडली तर आजच दाखल करून घेतील. तुमचे पायजमे, चष्म्याची दुसरी जोडी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घातल्यात. दाढीचं सामान सापडलं नाही, ते तुम्ही घ्या.

ता. क. तिसरा. सीटीच्या खोलीत अश्लेषा नसते. तो विभाग तळमजल्यावर आहे. तिथे सादिक नावाचा श्रीवर्धनचा गृहस्थ असतो, वय पंचावन्न, मिशा कानापर्यंत. काल फोन करून सगळी खात्री करून घेतली. माझं त्याच्यावर प्रेम नाही. तुम्ही हवं तर त्याला साडेनऊची वेळ खरी आहे का ते विचारा, त्याचा नंबर खाली लिहिलाय. माझ्यावर विश्वास ठेवू नका. ठेवण्यासारखं मी काही केलेलं नाही. सादिकवर ठेवा.

ता. क. चौथा. मामीला मी काहीही कळवलेलं नाही. ते तुमचं तुम्ही, आज सगळं झाल्यावर.

ता. क. शेवटचा. पार्किंगमध्ये मी "फुटू दे मग" म्हणालो. चार दिवस ते वाक्य या सोफ्यावर माझ्याशेजारी झोपतंय. तुम्ही खोकलात तरी मी उठून बसतो. मी कॉलेज सोडल्यावर बाबांनी मला घरात घेतलं नव्हतं, तुम्ही विमानाचं तिकीट पाठवलं होतंत, आणि विमानतळावर एकही प्रश्न विचारला नव्हतात. मला भीती वाटते मामा. एवढंच लिहायचं होतं, त्याला इतकी पानं लागली.

गाडी खाली, इमारतीच्या सावलीत, एसी लावून उभी करतो. साडेआठला निघायचंय. रस्त्यात बोलू नका, हवं तर मागे बसा, पण या. काही खाऊ नका. उपासाचंसुद्धा नाही.

हे टेबलावर, तुमच्या चष्म्याखाली ठेवतोय. बॅग उचलली. दार आता जोरात आपटणार आहे. रागाने नव्हे, तुम्ही जागे व्हावं म्हणून. हे आपटलं.